वहिनींनी चार किलो मीठ घेतलं

माझं शिलाईमशीन खिडकीपाशी आहे. दुसऱ्या मजल्यावरून अख्खी गल्ली दिसते, त्यामुळे मला सगळ्यांचं सगळं माहीत असतं असं लोक म्हणतात. ते काही खरं नाही. निम्मं दिसतं, उरलेलं माप द्यायला येणाऱ्या बायका सांगतात. पण समोरच्या दारातल्या वहिनींचं जे झालं, ते मी स्वतः पाहिलं आहे. त्यात मीही शहाण्यासारखी वागले नाही, हे आधीच सांगून टाकते.

वहिनींचे मिस्टर घाऊक बाजारात नोकरीला. बाजाराच्या दारात भिंतीएवढा काळा फळा आहे. रोज सकाळी सहा वाजता त्यावर धान्य, तेल, साखर, कांदे-बटाटे यांचे त्या दिवसाचे भाव खडूने लिहायचे आणि दिवसभरात भाव हलला की पुसून नवा लिहायचा, हे त्यांचं काम. म्हणून गल्लीत त्यांचं नाव पडलं 'फळेवाले'. नवा भाडेकरू आला की हमखास त्यांच्या दारात जाऊन सफरचंदं कशी दिली म्हणून विचारतो. फळेवाले शांतपणे सांगतात, "संपली."

माणूस अबोल. अक्षर मात्र मोत्यासारखं, आणि त्यांचा जीव त्या अक्षरातच. घरी आल्यावर वहिनींनी विचारावं, "आज साखर कितीला हो?" तर ते म्हणणार, "साखर? लक्षात नाही. पण आज आठ काय सुरेख आला!" भाव त्यांच्या हातातून जायचे, डोक्यातून नाही.

वहिनींच्या काटकसरीबद्दल सांगायचं तर त्यांच्या स्वयंपाकघरात एकदा डोकावायला हवं. तेलाच्या बाटलीच्या झाकणाला त्यांनी दाभणाने एकच भोक पाडलेलं. बाटली कितीही जोरात उलटी करा, थेंबापुढे काही पडायचं नाही. फ्लॉवरचे दांडे, कोबीचा बुडखा, बटाट्याची सालं, सगळ्याला त्या घरात मान होता. आणि भात तर कोटात शिजायचा. म्हणजे असं, की भाताला एक चांगली उकळी आली की वहिनी गॅस बंद करायच्या, आणि ते पातेलं कै. सासऱ्यांच्या जाड लोकरी कोटात गुंडाळून खुर्चीवर ठेवायच्या. वर दोन्ही बाह्यांची गाठ. तासाभराने भात तयार. सासूबाई शेजारच्या खुर्चीवर बसून त्या कोटाकडे बघत म्हणायच्या, "होते तेव्हा एकदाही स्वयंपाकघरात पाय टाकला नाही. आता रोज भात शिजवतात."

घरात चौथं माणूस म्हणजे लेक. ती शर्यतींत पळायची. सकाळी मैदानावरून आली की तिला जी भूक लागायची, ती पाहून वहिनी पिठाचा डबा उघडून बघायच्या.

त्यातच महागाई आली. आधी तेल चढलं, मग डाळी, मग साखर, मग कांदे. दुकानात गेलं की दुकानदार किंमत सांगायच्या आधी चेहरा पाडायचा, म्हणजे आपल्याला तयारी करायला वेळ मिळावा. बायका पाव किलोवरून शंभर ग्रॅमवर आल्या. मीही जिऱ्याचे दाणे मोजल्यासारखे टाकायला लागले.

वहिनींनी मात्र एक युक्ती काढली. फळेवाल्यांना भाव आठवत नसला तरी त्यांचा सदरा सगळं सांगतो, हे धुणं धुताना त्यांच्या लक्षात आलं. फळ्यावर तेलाची ओळ सगळ्यात वर. तिथे दिवसभर पुसापुशी झाली की फळेवाल्यांचा खांदा भरून यायचा आणि उजवी बाही कोपरापर्यंत पांढरी व्हायची. कांदे-बटाटे सगळ्यात खाली, तिथे भाव हलला की पॅन्टचे गुडघे मळायचे. साखर मध्ये, छातीच्या उंचीवर; तिचा खडू खिशाजवळ सांडायचा. वहिनी चहाचा कप हातात द्यायच्या आणि एवढंच विचारायच्या, "अहो, वाढवून लिहिलंत की कमी करून?" तेवढं ते सांगू शकायचे. घाऊक बाजारात आज जे होतं ते आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात तीन-चार दिवसांनी पोचतं. ते तीन-चार दिवस वहिनींचे.

एका मंगळवारी त्यांनी नेहमीच्या एका किलोऐवजी पाच किलो साखर घेतली. शुक्रवारी साखर चढली. पुढच्या पंधरवड्यात तेलाचे दोन डबे घेतले. आठवडा संपायच्या आत तेल चढलं. मग सगळी गल्ली कांद्यांवर तुटून पडली होती तेव्हा वहिनींनी फक्त चार कांदे घेतले. चार! आणि सोमवारी कांदा उतरला.

पहिल्या मजल्यावर पोस्टातल्या काकू राहतात. पोस्टात काउंटरवर बसून बसून त्यांना पाकीट न उघडता आत काय आहे ते ओळखायची सवय झालेली. त्यांनी हे तिन्ही प्रकार टिपले आणि खालच्या कटिंगच्या दुकानात जाऊन सांगितले. कटिंगवाले दादा म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र. गिऱ्हाईकाच्या मानेवर वस्तरा असताना ते जे बोलतात त्याला कोणी विरोध करत नाही.

"सरळ आहे," दादा म्हणाले, "नवऱ्याला उद्याचे भाव आज कळतात. तो घरी येऊन बायकोच्या कानात सांगतो."

"तो तर कुणाशीच बोलत नाही," काकू म्हणाल्या.

"म्हणूनच! गुपित सांभाळणारा माणूस असाच असतो."

झालं. त्या दिवसापासून वहिनी पिशवी घेऊन निघाल्या की गल्लीतले पडदे हलायला लागले. त्यांनी मसूर घेतली की संध्याकाळपर्यंत सगळ्यांकडे मसूर. वहिनींना आधी गंमत वाटली. मला म्हणाल्या, "ताई, लग्न झाल्यापासून माझं कुणी एवढं ऐकलं नव्हतं."

मग लेकीचा पाय मुरगळला. मैदानावर खड्ड्यात पाय गेला आणि घोटा सुजून नारळाएवढा झाला. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसातून तीनदा गरम पाण्यात भरपूर मीठ घालून पाय शेका. वहिनींनी दुकानातून चार किलो मीठ आणलं.

मी खिडकीतून पाहिलं. पिशवी जड होती, वहिनींचा चेहरा उतरलेला होता. चार किलो मीठ आणि असा चेहरा! मी मशीनवरचं काम टाकून चप्पल घातली. जिन्यात पोस्टातल्या काकू भेटल्या, त्याही पिशवी घेऊन. आम्ही दोघी एकमेकींना "सहज, फिरायला" म्हणालो आणि दुकानापर्यंत जवळजवळ पळालो. तिथे आधीच रांग होती. कटिंगवाले दादा अर्ध्या कापलेल्या डोक्याच्या गिऱ्हाईकासकट आले होते. ते गिऱ्हाईकही गळ्यात कापड बांधून रांगेत. मी नऊ किलो घेतलं. मीठ! आमचे हे घरी आल्यावर म्हणाले, "आपण काय समुद्र करणार आहोत?"

दुपारपर्यंत दुकानातलं मीठ संपलं. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने कुठून तरी थोडं आणलं आणि भाव वाढवून विकलं. म्हणजे मीठ खरंच महाग झालं! गल्लीने एकमेकींकडे पाहून माना डोलावल्या. आणि वहिनींना लेकीच्या पायासाठी आणखी दोन किलो लागत होतं, ते त्यांना चढ्या भावाने घ्यावं लागलं.

"पाय मुरगळला माझ्या लेकीचा," त्या माझ्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आणि महाग झालं मीठ. हा काय प्रकार आहे हो, ताई?"

मी खाली मान घालून काजं करत राहिले. माझ्या पलंगाखाली नऊ किलो होतं. मी त्यातलं दोन किलो द्यायला हवं होतं. दिलं नाही. त्याचं अजून वाईट वाटतं.

आता दुकानदार काही खुळा नव्हता. त्याच्याकडे वर्षभरापासून ओट्सची पाकिटं पडून होती. कुणीतरी गळ्यात मारलेली, आमच्या गल्लीत कुणी ढुंकून पाहत नव्हतं, आणि मुदत संपायला तीन महिने उरलेले. त्याने वहिनींना आत बोलावलं, स्टूल पुसून बसायला दिलं.

"वहिनी, तुम्ही काही करू नका. रोज दोन पाकिटं घ्यायची, पिशवीतून जरा वर दिसतील अशी ठेवायची, आणि सावकाश घरी जायचं. दुपारी मागच्या दाराने परत आणून द्या. महिन्याला दोन लिटर तेल माझ्याकडून."

वहिनी घरी आल्या त्या गप्पच. सासूबाईंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "तू काही खोटं बोलणार आहेस का?"

"नाही."

"कुणाला घ्या म्हणणार आहेस?"

"नाही, आई."

"मग लोकांनी तुझ्या पिशवीत बघायचं आणि पाप तुला लागायचं, असं कुठे असतं? तेल आण."

तेल म्हटलं की त्या दिवसांत भल्याभल्यांची मती फिरायची. वहिनींचीही फिरली. दुसऱ्या दिवसापासून त्या दोन पाकिटं घेऊन गल्लीतून निघाल्या. सावकाश. कटिंगच्या दुकानासमोर तर त्या चप्पल नीट करायला थांबल्यासुद्धा, हे मी स्वतः पाहिलं.

चार दिवसांत गल्ली ओट्समय झाली. कुणालाच ते कसं करायचं माहीत नव्हतं. पाकिटावर दूध घाला लिहिलेलं, पण दूध काय फुकट मिळत होतं? पोस्टातल्या काकूंनी पाण्यात शिजवलं तर ते खळीसारखं झालं; त्यांनी त्याने दोन पार्सलं चिकटवली आणि ती पक्की बसली म्हणून सांगत सुटल्या. कटिंगवाल्या दादांनी उरलेलं गिऱ्हाइकांच्या चेहऱ्याला लावायला सुरुवात केली. मी कांदा घालून परतलं. आमचे हे तीन दिवस मुकाट्याने जेवले, चौथ्या दिवशी म्हणाले, "तू शिवणकामाची कातरणं तर घालत नाहीस ना यात?" वहिनींच्या सासूबाईंनी एकदा एक चमचा चाखून पाहिला आणि जाहीर केलं, "हे घोड्याचं आहे. घोड्यालाच द्या."

तळमजल्यावर दोघी मावश्या राहतात. सख्ख्या बहिणी, दोघींनी लग्न केलं नाही, शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. आता पेन्शनवर आणि स्वेटर विणून भागवतात. एका सकाळी वहिनी जिन्यातून उतरत होत्या तेव्हा धाकट्या मावशीने दार उघडून त्यांना आत बोलावलं. कपाट उघडून दाखवलं. आत ओट्सची चोवीस पाकिटं, शाळेतल्या पुस्तकांसारखी ओळीने लावलेली.

"महिन्याच्या किराण्याचे सगळे पैसे यात घातले," धाकटी कौतुकाने म्हणाली. "दोन्ही वेळा हेच खातो. भाव चढला की निम्मी विकायची. वहिनी, तुम्ही आपल्याच आहात. कधी चढेल हो भाव?"

वहिनी तिथून उठल्या त्या थेट माझ्याकडे आल्या. तोंड पांढरंफटक. मला सगळं सांगितलं. खांदा, गुडघे, खिसा, मागचं दार, दोन लिटर तेल, सगळं. मी हातातली कात्री खाली ठेवली. मला राग यायला हवा होता, पण माझ्या पलंगाखाली मिठाशेजारी सात पाकिटं होती आणि मला फक्त हसू येत होतं.

"हसू नका, ताई. त्या दोघी चहाबरोबरसुद्धा ओट्स खातायत."

त्याच संध्याकाळी वहिनींनी कटिंगच्या दुकानासमोर सगळ्यांना जमवलं आणि उभं राहून कबुली दिली. दुकानदाराने तेल दिलं, मी घेतलं, ओट्सचा भाव चढणार नाही, मला उद्याचं काहीही कळत नाही, मला माफ करा.

मग कटिंगवाले दादा हळूच पोस्टातल्या काकूंना म्हणाले, "बघितलंत? आता आपण विकून टाकावं म्हणून चाललंय."

"म्हणजे नक्की चढणार," काकू म्हणाल्या.

"उद्याच चढणार."

लोक पांगले ते थेट दुकानाकडे. सकाळी दुकानदार वहिनींना वाटेत अडवून हात जोडून म्हणाला, "कमाल केलीत. असं भाषण मलाही सुचलं नसतं. आणखी चाळीस पाकिटं मागवली आहेत."

वहिनींनी तेलाची बाटली त्याच्या काउंटरवर आपटली. जेवढं वापरलं होतं तेवढं भरून आणली होती. "मावश्यांची पाकिटं परत घ्या," म्हणाल्या.

"घेतो की. आणायला सांगा त्यांना."

पण मावश्या द्यायला तयार होईनात! थोरली, जी एरवी कुणाशी वाद घालत नाही, ती कपाटाला पाठ लावून उभी राहिली. "चढायची वेळ आली आणि आता परत करू? आम्ही गणित शिकवलंय, वहिनी."

शेवटी वहिनींनी काय केलं असेल? ती चोवीस पाकिटं त्यांनी मावश्यांकडून स्वतः विकत घेतली. लेकीच्या नव्या बुटांसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून. मावश्यांनी घासाघीस करून घेतल्या भावापेक्षा जास्तच काढले. ती पाकिटं वहिनी आणि मी चार खेपांत वर नेली, आणि जिन्यात ते पोस्टातल्या काकूंनी पाहिलं. तासाभरात गल्लीत ओट्सच्या पाकिटाला दीडपट देणारं गिऱ्हाईक फिरत होतं.

त्या रविवारी वहिनींचा धीर सुटला. म्हणजे रडल्या वगैरे नाहीत. पहाटे साडेपाचला प्रत्येक दार ठोठावलं. "चला," म्हणाल्या, "पिशव्या घ्या आणि चला. माझ्या नवऱ्याला तोंडावर विचारा." पिशव्या घ्या म्हटल्यावर कोण मागे राहणार? आम्ही सतराजण निघालो. मावश्या शाली गुंडाळून, दादा दुकान बंद ठेवून.

घाऊक बाजार आमच्यापैकी निम्म्यांनी कधी पाहिला नव्हता. चालत जेमतेम पाऊण तास. पोत्यांच्या थप्प्या, हमालांची ओरड, चिंब ओली जमीन, आणि दाराशी तो प्रचंड फळा. शिडीवर फळेवाले. जीभ किंचित बाहेर काढून ते तेलाच्या ओळीत तीन काढत होते. मागे वळून पाहिलं तर खाली बायको आणि गल्ली. हातातला खडू मोडला.

"काय झालं? आईला बरं नाही का?"

"काही झालं नाही," वहिनी म्हणाल्या. "यांना तुम्हाला काहीतरी विचारायचंय."

दादा पुढे झाले. घसा साफ केला. "उद्या ओट्सचा भाव काय लिहिणार?"

फळेवाल्यांनी फळ्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत. मग म्हणाले, "ओट्स म्हणजे काय?"

"बरं, ते राहू द्या. तेलाचा? उद्याचा?"

"उद्याचा?" त्यांनी इतकं खरंखुरं गोंधळून विचारलं की माझ्या मनातली उरलीसुरली शंकाही गेली. "उद्याचा मला कसा माहीत असेल? मी आजचा लिहितो. आजचाही मला लक्षात राहत नाही. आत्ता काय लिहिलं होतं मी?" आणि ते वळून आपलंच अक्षर वाचायला लागले.

मग धाकटी मावशी, जिची नजर शिक्षिकेची, फळ्याच्या तळाशी बोट दाखवून म्हणाली, "बटाटा एवढाच? आपल्याकडे तर दुप्पट घेतात!"

"पोतं घ्यावं लागतं," जवळचा हमाल म्हणाला. "पन्नास किलो. किरकोळ नाही."

सतराजणांनी एकमेकांकडे पाहिलं. आता कुणाला हिशेब सांगावा लागला नाही. कटिंगवाल्या दादांनीच हातगाडी ठरवली आणि मावश्यांनी पोत्याचं तोंड उघडायला लावून आतल्या तळातले बटाटे बघून घेतले. परत येताना गाडीमागे सगळे असे चालत होते जणू वरातच चालली आहे, आणि वहिनी सगळ्यात मागे, रिकाम्या हाताने, माझ्याशी बोलत.

वाटणी जिन्यात झाली. ती दोन तास चालली. मोठे बटाटे कुणाला, चेपलेले कुणाला, यावरून काकू आणि दादा आठ दिवस बोलत नव्हते. पुढच्या रविवारी मावश्यांनी घरून वजनकाटा आणला आणि मोजायचं काम आपल्याकडे घेतलं. तेव्हापासून तक्रार करायची कुणाची छाती होत नाही. बटाट्यानंतर कांदे झाले, मग मसूर, मग तेलाचा मोठा डबा. चौथ्या रविवारी दुकानदार स्वतः जिन्यात येऊन उभा राहिला. आधी वाटलं भांडायला आला आहे. तो म्हणाला, "एक वाटा मलाही मिळेल का? घरच्यासाठी. माझ्याच दुकानातलं मला परवडत नाही."

मावश्यांनी त्याला वाटा दिला. वजन करताना काटा जरा जास्तच काटेकोर धरला, एवढंच.

लेकीचा पाय बरा झाला. बूट मात्र दोन महिने उशिरा आले, आणि तोपर्यंत ती जुन्याच बुटांत पुठ्ठा घालून पळत होती. त्यावरून वहिनींनी माझ्याजवळ बरेचदा डोळे टिपले आहेत. चोवीस पाकिटांचं त्यांनी काय केलं म्हणाल, तर भाजून, कुटून, पिठात मिसळून, सूपात दाट करायला घालून, एकेक करून संपवली. शेवटचं पाकीट संपलं त्या दिवशी लेक म्हणाली, "आई, आज जेवणात काहीतरी कमी आहे," आणि वहिनींनी तिला लाटणं दाखवलं.

भाव काही उतरले नाहीत. अजूनही दर महिन्याला काहीतरी चढतंच. वहिनी संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसतात, मी शिवते, त्या शेंगा सोलतात. परवा म्हणाल्या, "ताई, आता मी दुकानातून काही आणलं तर कुणी बघतसुद्धा नाही." मी म्हटलं, "मग चांगलंच की." त्या म्हणाल्या, "हो, चांगलंच," आणि पुढची शेंग उचलली.